जुन्या लुगर पिस्तुलाची पारख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चित्रपटांत जर्मन अधिकारी दिसला की त्याच्या हातात बहुधा लुगर असते. बारीक नळी, मागे कललेली मूठ आणि गोळी झाडल्यावर गुडघ्यासारखा दुमडून वर येणारा सांधा यामुळे ते ओळखता येते. या प्रसिद्धीमुळे जगभरच्या संग्राहकांमध्ये त्याला सतत मागणी असते, आणि मागणीमुळे भोळ्या समजुतींचे आणि सरळ फसवणुकीचे थरही त्याच्यावर चढले आहेत. पिस्तूल कुठे बनले, कुणी वापरले, कधी दुरुस्त झाले, हे त्याच्या अंगावरच कोरलेले असते. ते वाचायला शिकणे म्हणजेच पारख. पुढचे गैरसमज त्या वाचनाच्या आड येतात.

‘लुगर म्हणजे नाझींचे पिस्तूल’

हिटलर सत्तेवर आला तेव्हा या पिस्तुलाला तीस वर्षे उलटून गेली होती. ह्यूगो बोरखार्टच्या १८९३ च्या रचनेत सुधारणा करून गेऑर्ग लुगरने ते घडवले आणि बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कंपनीने त्याचे उत्पादन केले. ते सर्वांत आधी, १९०० मध्ये, स्वित्झर्लंडच्या सैन्याने स्वीकारले. जर्मन आरमाराने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये ते घेतले. पी ०८ हे नाव या शेवटच्या वर्षावरून पडले. भूदलाच्या पिस्तुलाची नळी सुमारे १०० मिलिमीटर, आरमाराची १५० आणि तोफखान्याची २०० मिलिमीटर लांब. हॉलंड, पोर्तुगाल आणि बल्गेरियानेही लुगर वापरले. इराणसाठी माउझर कंपनीने बनवलेल्या पिस्तुलांवर सिंह-सूर्याचे चिन्ह आणि फारसी अंक आहेत. फक्त गरुड-स्वस्तिकाचा शिक्का शोधणाऱ्याच्या हातून असे दुर्मीळ नमुने सहज निसटतात. शिवाय मागणी असलेला तो शिक्का नंतर ठोकून घेणेही अवघड नसते.

‘चकचकीत आहे, म्हणजे उत्तम स्थितीत आहे’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने केले आहे. संग्राहक नवेपणा मोजत नाहीत. कारखान्यातून निघतानाचा मूळ लेप, म्हणजे ब्लूइंग, किती टक्के उरला आहे ते मोजतात. कडांवर झिजलेले, मुठीपाशी करडे पडलेले पण मूळ लेपाचे पिस्तूल, नव्याने लेप चढवलेल्या आरशासारख्या पिस्तुलापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते.

लेप पुन्हा चढवलेला आहे का, हे ओळखण्यासाठी काळाप्रमाणे बदललेली पद्धत माहीत हवी. साधारण १९३७ पर्यंत लेप चढवताना पोलादावर मुद्दाम बारीक गंज आणला जाई आणि तो पुन्हा पुन्हा घासून काढला जाई. त्या काळात मुठीच्या पोकळीचा आतला भाग लेपाविना, उघड्या धातूचा ठेवत. चाप, सुरक्षा-खटका आणि मॅगझिन सोडवायचे बटण यांसारखे छोटे भाग तापवून गवती-सोनेरी रंगाचे केलेले असत. पुढे उत्पादन करणाऱ्या माउझरने गरम क्षारांच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत घेतली. तेव्हापासून आतला भागही गडद झाला आणि छोटे भागही काळसर निळे निघू लागले. त्यामुळे १९१७ च्या पिस्तुलाची पोकळी आतून निळी असेल तर ते नंतर कुणीतरी द्रावणात बुडवले आहे असे समजावे. उलट १९४१ च्या पिस्तुलाचा चाप सोनेरी दिसला, तर डागडुजी करणाऱ्याने हौसेने चुकीच्या काळाचा साज चढवला आहे. लेपाखाली गंजाचे खड्डे दिसणे, धारदार कडा गोलसर होणे आणि पॉलिशच्या चाकाने शिक्क्यांची अक्षरे उथळ होणे, या खुणा कितीही सुंदर चकाकीने लपत नाहीत.

म्हणून जुने पिस्तूल मिळाल्यावर लगेच पॉलिश, तारेचा ब्रश किंवा गंज काढणारे रसायन हाती घेणाऱ्याला थांबवावेसे वाटते. मऊ फडके आणि थोडे तेल एवढेच पुरते. शंभर वर्षांचा लेप एका दुपारी घासून काढता येतो. परत आणता येत नाही.

‘क्रमांक लहान, म्हणजे पिस्तूल पहिल्या काळातले’

लष्करी लुगरचे क्रमांक १ ते १०,००० असे जात आणि त्यानंतर ए, बी, सी अशी अक्षरे जोडून पुन्हा एकपासून सुरू होत. नवे वर्ष आले की सगळी मोजणी नव्याने. म्हणजे ४५ हा क्रमांक १९१२ चाही असू शकतो आणि १९१८ चाही. वर्ष पाहायचे ते नळीच्या मुळाशी, वरच्या बाजूला. काही पिस्तुलांवर तिथे दोन वर्षे आढळतात, त्यांतले एक १९२०. ती बनावट नसते; पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालमत्तेची खूण म्हणून तो आकडा ठोकला होता. १९३४ आणि १९३५ मध्ये माउझरने वर्षाऐवजी अनुक्रमे के आणि जी ही अक्षरे वापरली, कारण व्हर्सायच्या तहाला डावलून चाललेली शस्त्रसज्जता झाकायची होती.

‘सगळे क्रमांक जुळतात, आता शंकेला जागा नाही’

पूर्ण क्रमांक मुख्य भागांवर आणि त्याचे शेवटचे दोन अंक छोट्या भागांवर, अशी पद्धत होती. सगळे जुळणे हा मोठा गुण खरा, आणि म्हणूनच जुने अंक घासून नवे ठोकण्याचा धंदा चालतो. अंकांचे वळण, खोली आणि त्यांभोवतीचा पृष्ठभाग भिंगातून पाहावा. अंकाजवळ धातू किंचित खोलगट झाला असेल, तर तिथे आधी दुसरे काही होते. याउलट एखादा भाग वेगळ्या क्रमांकाचा असला म्हणजे पिस्तूल टाकाऊ ठरत नाही. लष्करी कार्यशाळेत भाग बदलले जात, आणि तोही त्याच्या सेवेचाच इतिहास आहे. किंमत मात्र कमी होते. प्रत्येक पिस्तुलासोबत दोन मॅगझिन दिली जात व दुसऱ्यावर अधिकचे चिन्ह असे. दोन्ही मूळ मॅगझिन आजवर सोबत राहिलेला नमुना विरळा.

‘त्यामागे मोठी गोष्ट आहे’

अमुक सेनापतीकडून हिसकावलेले, तमुक लढाईतले, अशा कथा विक्रीच्या वेळी हमखास निघतात. कागद नसेल तर त्या कथेची किंमत शून्य धरावी. अमेरिकी सैनिकांना युद्धात मिळालेली वस्तू मायदेशी नेण्यासाठी लेखी परवानगी मिळत असे. त्या कागदावर पिस्तुलाचा क्रमांक असेल तर तो खरा पुरावा. काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची, माउझरच्या बीवायएफ या सांकेतिक खुणेची १९४१-४२ ची लुगर ‘ब्लॅक विडो’ या नावाने विकली जातात. जर्मन सैन्यात असे नाव नव्हतेच. ते युद्धानंतर अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी दिले.

‘चालते आहे, तर झाडून पाहू’

जुन्या काडतुसांच्या टोप्यांतले क्षार नळी आतून खात. म्हणून आतल्या खाचांची धार प्रकाशात पाहावी लागते, आणि त्याआधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री हवी. मॅगझिन काढले तरी नळीत गोळी राहू शकते व ती सुटूही शकते. पी ०८ मध्ये गोळी भरलेली असली की वरची पट्टी किंचित उचलली जाते आणि तिच्या बाजूला ‘गेलाडेन’ म्हणजे ‘भरलेले’ ही अक्षरे दिसतात. पण एवढ्यावर विसंबू नये, नळीचे मागचे तोंड उघडून डोळ्यांनी पाहावे. झाडताना एखादा मूळ क्रमांकाचा भाग मोडला तर तो पुन्हा मिळत नाही.

‘इतके जुने आहे, परवाना कशाला?’

भारतात ही समजूत थेट गुन्ह्याकडे नेते. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट पुरातन किंवा कालबाह्य शस्त्रांना आहे, पण ती दुरुस्त करूनही बंदुकीसारखी वापरता येणार नाहीत अशीच असली पाहिजेत. चालू स्थितीतले किंवा चालू करता येईल असे लुगर त्यात बसत नाही, मग ते १९०८ चे का असेना. त्यातून पी ०८ चा ९ मिलिमीटर हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, आपल्याकडे निषिद्ध आहे. घरातल्या जुन्या पेटीत एखाद्या माजी सैनिकाचे पिस्तूल सापडले, तर त्याला हात न लावता, ते साफ न करता आणि कुणाला विकायला न दाखवता आधी पोलीस ठाण्यात कळवा.