वाटाण्याचा अंकुर आणि मुलाचा हट्ट



मेअखेरीस अंजनवेलला एका आंबा बागायतदाराकडे गेलो होतो. कलमांना खते देण्याविषयी बोलता बोलता खाडीपलीकडे दाभोळचे दिवे लागले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या वहिनींनी मनातले विचारले, "साहेब, धाकटा अकरावीत आहे. चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन मोशन ग्राफिक्स करणार म्हणतो. चित्रं काढून पोट भरतं का हो?"

हा प्रश्न उद्या तुमच्याही ओटीवर येईल, म्हणून उत्तर इथे लिहितो.

टीव्हीवर बातम्यांआधी फिरत येणारी अक्षरे, मालिकेचे नाव, जाहिरातीतली हलती चित्रे, बियाण्याला औषध कसे चोळावे हे मोबाईलवर दाखवणारी चित्रफीत, हे सारे मोशन ग्राफिक्सचे काम. एका सेकंदासाठी साधारण २४ चित्रे लागतात.

हा धंदा आपल्याला परका नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रण, छपाई अशी अनेक कामे त्यांनी केली. चित्रपटासाठी भांडवल हवे होते, पण विश्वास कोण ठेवणार? मग १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, ठराविक वेळाने एकेक चित्र घेतले आणि रोप पडद्यावर वाढताना दाखवले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. ध्यानात घ्या, आधी हात तयार झाला, यंत्र मागाहून आले.

आता व्यवहाराचे बोलू. शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर राज्याची कला प्रवेश परीक्षा असते, तिच्यातून चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. मुंबईला जे. जे. आहेच, पण आपल्या जिल्ह्यात सावर्ड्यालाही कलाशाळा आहे. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीला भुलून बाग मात्र गहाण टाकू नका.

पदवी झाली म्हणजे काम मिळाले असे नाही. काम देणारा प्रमाणपत्रापेक्षा मुलाने केलेली दोन मिनिटांची चित्रफीत आधी पाहतो. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. स्वतंत्र कामाचे उत्पन्न हापूससारखे, एक साल भरघोस तर दुसरे रिकामे. म्हणून भरल्या सालातले राखून ठेवावे. पेट्या पाठवताना आपण पावती घेतो, तसा कामाआधी लेखी करार आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. हल्ली संगणक सांगताक्षणी चित्र हलवून देतो. नुसते बटण दाबणाऱ्याची किंमत उतरेल. काय दाखवायचे आणि का, हे ज्याला कळते तो टिकेल.

मुलाला म्हटले, "कुंडीत कुळीथ पेर. मोबाईल हलणार नाही असा बांध. रोज १२ फोटो, दहा दिवस. १२० फोटोंचे पाच सेकंद होतील."

"एवढेच?" तो म्हणाला.

"एवढेच. पाच सेकंदांसाठी दहा दिवस थांबता आले, तर आईचा प्रश्न तूच सोडवशील."

वहिनी उठल्या आणि डब्यातले मूठभर कुळीथ त्याच्या हातावर ठेवले.