नवरोंगोची हवा : दोन वाऱ्यांच्या हद्दीवर

घानाच्या अगदी उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेलगत नवरोंगो हे शेतीवर जगणारं छोटं शहर आहे. बाजरी, ज्वारी, भुईमूग ही इथली कोरडवाहू पिकं. टोनो धरणाच्या पाण्यावर भात आणि टोमॅटो होतात. पावसाळा एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. बाकीचे महिने कोरडे. इथली हवा वर्षभरात कशी बदलते, हे दोन वाऱ्यांवरून कळतं.

एक वारा ईशान्येचा, सहारातून येणारा आणि कोरडा. दुसरा नैर्ऋत्येचा, सुमारे ६०० किलोमीटरवरच्या गिनीच्या आखातावरून येणारा आणि दमट. दोन्ही जिथे भिडतात ती हद्द सूर्यामागोमाग सरकते : जानेवारीत दक्षिणेला किनाऱ्याजवळ, ऑगस्टमध्ये उत्तरेला सहाराच्या कडेला. ११ अंश उत्तर अक्षांशाजवळचं नवरोंगो या ये-जा करणाऱ्या हद्दीच्या वाटेतच आहे.

नोव्हेंबरच्या सुमारास हद्द गावाच्या दक्षिणेला जाते आणि कोरडा वारा सुरू होतो. त्याला हरमॅटन म्हणतात. त्याच्याबरोबर येणाऱ्या धुळीचा एक मोठा उगम सुमारे २,००० किलोमीटर दूर, चाडमधल्या बोदेले खळग्यात आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथे प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि तळाशी सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची हलकी, भुसभुशीत माती उरली. तिबेस्ती आणि एन्नेदी या डोंगररांगांमधल्या फटीतून वारा नरसाळ्यातून निघावा तसा जोराने या खळग्यावर येतो. रात्री जमीन थंड असते, त्यामुळे वेगवान वारा थोडा वरूनच वाहत राहतो. सकाळी ऊन तापलं, हवा घुसळली गेली, की तो खाली उतरतो आणि माती उचलतो. ती धूळ दोन-तीन दिवसांत घानापर्यंत पोचते. सूर्य पांढुरका दिसतो, ओठ फुटतात, दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. कोरडी हवा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून दुपार कडक आणि पहाट गारठ्याची.

याच काळात सुगी उरकलेली असते आणि गवत वाळलेलं असतं. रान साफ करायला, नवं गवत फुटावं म्हणून किंवा शिकारीसाठी ते पेटवलं जातं. त्यामुळे धुळीत धूर मिसळतो. दिसायला दोन्ही सारखंच मळभ, पण कण वेगळे. धुळीच्या वजनातला बराच भाग २.५ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचा असतो. ते बरेचसे नाका-घशात अडकतात. धुराचे कण बहुतेक त्याहून बारीक, थेट फुप्फुसात खोल उतरणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार अशा बारीक कणांचं, म्हणजे पीएम २.५चं, २४ तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, म्हणजे पीएम १०साठी, हा आकडा ४५ आहे. हरमॅटनच्या दाट दिवसांत या पट्ट्यात पीएम १० शेकड्यांत जातं.

कोरड्या हवेचा आणखी एक धोका म्हणजे मेंदुज्वर. नवरोंगो सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या ‘मेंदुज्वर पट्ट्या’त येतं. मेंदुज्वराचे जिवाणू अनेकांच्या घशात निरुपद्रवी राहतात. धूळ आणि कोरडेपणामुळे घशाचं अस्तर दुखावतं आणि त्यांना रक्तात शिरायला वाट मिळते, असं मानलं जातं. साथी कोरड्या महिन्यांत भडकतात आणि पाऊस सुरू झाला की ओसरतात. १९९६-९७च्या साथीत आफ्रिकेत अडीच लाखांवर रुग्ण आणि सुमारे २५,००० मृत्यू नोंदले गेले. तिथल्या ‘ए’ गटाच्या जिवाणूवरची स्वस्त लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. २०१०मध्ये बुर्किना फासोत ती मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली, २०१२मध्ये उत्तर घानात. त्यानंतर ‘ए’ गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या; इतर गटांचा धोका उरला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये हद्द परत उत्तरेकडे येते. हवा दमट होते, पण पाऊस लगेच येत नाही. दमट हवा कोरड्या हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि पाचरीचं टोक पातळ असतं. ढग उंच वाढायला तिची जाडी पुरेशी हवी, ती हद्दीपासून काहीशे किलोमीटर दक्षिणेला मिळते. म्हणून हे दिवस सर्वांत उकाड्याचे. मग वादळं येतात, तीही बहुधा पूर्वेकडून, कारण वरच्या थरातला वारा पूर्वेचा असतो. आधी धुळीची भिंत, मागून सरी.

ऑगस्टपर्यंत पावसाने हवा धुऊन निघते. जमीन ओली, गवत हिरवं. उडायला धूळ नाही, जळायला काही नाही. घराबाहेरच्या मापकाचा आकडा वर्षातला सर्वांत चांगला. पण पावसामुळे चूल आत येते. सरपण ओलसर, झरोका लहान. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या पाठीवरच्या बाळाच्या वाट्याला येणारी हवा त्या आकड्यात दिसत नाही.

सहाराची धूळ गावाला अडवता येत नाही. दाट दिवशी पाणी झाकणं, नाका-तोंडाला चांगला मास्क लावणं, दम्याच्या रुग्णाने घरात थांबणं, एवढंच हातात असतं. धुराचं मात्र तसं नाही. रान पेटवण्याआधी जाळपट्टा काढणं, सरपण कोरड्या जागी साठवणं, चुलीला धुराडं किंवा गॅस मिळणं, ही कामं गावात आणि घाना सरकारच्या पातळीवर होऊ शकतात. फुप्फुसात खोल जाणारे कण त्यामुळेच कमी होतील.