रेषा-आलेख : सरासरीत न दिसणारी शेते

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्ग जिल्ह्यातील हे नाव देशभर पोचले. परंतु नागरी वस्तीत मिसळून गेलेली बोरसी मागे टाकून थोडे बाहेर पडावे, तो धानाची शेते लागतात. शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख भाताचा. तेथे प्रतिवर्षी कापणीच्या वेळी एक प्रश्न सोडवावा लागतो : यंदा गावात पीक किती आले? शाळेत शिकविल्या जाणाऱ्या एका साध्या आलेखाचा ह्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

सबंध गावाचे धान तोलणे शक्य नसते. पूर्वी नजरेनेच अंदाज करीत. भरघोस पीक सोळा आणे धरले, तर यंदाचे किती आणे, असे ठरवीत. ‘आणेवारी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. नाण्यांतून आणे गेल्यावर महाराष्ट्रात तिची ‘पैसेवारी’ झाली. नजरेपेक्षा तराजू अधिक विश्वासाचा, म्हणून पुढे पीककापणी प्रयोग आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, कोणाच्याही आवडीनिवडीवाचून काही शेते निवडावयाची; धानाच्या शेतात सामान्यतः ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा आखावयाचा; त्यातील पीक कापून, झोडून दाणे तोलावयाचे. तुकडा २५ चौरस मीटरांचा असल्याने त्यातील १ किलो दाणे म्हणजे हेक्टरी ४०० किलो उत्पन्न होय.

आलेख कसा काढावा

समजा, एका गावातील बारा तुकड्यांची वजने किलोमध्ये अशी भरली : १०, ९½, १०½, १०, ११, ९½, १०, ९, १०½, ९½, १०, १०½. नुसत्या यादीवरून काहीच उमगत नाही. म्हणून प्रथम सर्वांत लहान व सर्वांत मोठी संख्या शोधावी. येथे त्या ९ व ११ आहेत. एक आडवी रेषा ओढून तिच्यावर ९ पासून ११ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या किलोचे समान भाग पाडावेत. मग यादीतील प्रत्येक वजनासाठी त्या-त्या संख्येच्या वर एक फुली मारावी. तीच संख्या पुन्हा आली, तर दुसरी फुली पहिलीच्या डोक्यावर चढवावी. ९ वर एक, ९½ वर तीन, १० वर चार, १०½ वर तीन आणि ११ वर एक अशा फुल्या येतील. शेवटी सर्व फुल्या मोजाव्यात. त्या बारा भरल्या पाहिजेत.

हाच रेषा-आलेख. बिंदू जोडून काढलेल्या चढउताराच्या आलेखाशी त्याची गल्लत करू नये. येथे रेषा म्हणजे खालची संख्यारेषा. दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. सर्व फुल्या एकाच आकाराच्या हव्यात. नाहीतर तीन मोठ्या फुल्यांचा मनोरा चार लहान फुल्यांहून उंच दिसेल. तसेच, ज्या संख्येवर एकही फुली नाही, तिची जागा गाळता कामा नये. रिकामी जागाही काही सांगत असते.

रिकाम्या जागेचे महत्त्व

ते कसे, हे दुसऱ्या गावाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. तेथील बारा वजने अशी समजा : ६½, ७, ७, ७, ७, ७½, १२½, १३, १३, १३, १३, १३½. बेरीज १२०, म्हणजे सरासरी १० किलो. पहिल्या गावाची सरासरीही १० किलोच. कागदावर दोन्ही गावे सारखी! पण दुसऱ्या गावाचा आलेख काढताच फुल्यांचे दोन वेगळे पुंजके दिसतात आणि मधली ८ ते १२ पर्यंतची जागा ओस पडलेली दिसते. ज्या दहा किलोंची सरासरी आली, तेवढे पीक त्या गावात एकाही तुकड्यात नाही. सहा तुकडे तलावाचे पाणी मिळालेले असतील, सहा पावसावर विसंबलेले असतील. कारण शेतावर जाऊनच शोधावे लागेल. आलेख फक्त ‘शोधा’ असे सांगतो.

हा भेद पुस्तकी नव्हे. पीक विम्यात गाव किंवा ग्रामपंचायत हे एकक धरून सरासरी उत्पन्न काढतात आणि ते ‘उंबरठा उत्पन्ना’च्या खाली गेले, तरच भरपाई देय होते. उंबरठा तुकड्यामागे ९ किलोंइतका असेल, तर ७ किलोवाल्या शेतकऱ्याच्या पदरी काहीही पडणार नाही. त्याचे नुकसान सरासरीत बुडून जाते. आलेखात मात्र त्याची फुली त्याच्या जागी उभी असते.

फुली चुकते तेव्हा

एखाद्या वेळी १० च्या जागी १०० लिहिले जाते. अशी फुली इतरांपासून इतकी दूर पडते की ती तत्काळ नजरेत भरते. मात्र ती लगेच खोडू नये. मूळ नोंद पडताळून पाहावी.

सर्वच फुल्या मिळून सरकल्या, तर ते ओळखणे अधिक कठीण. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात नेमका हाच दोष दाखवून दिला. कापणीचा तुकडा फार लहान आखला, तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त भरते, कारण कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. हिशेब सोपा आहे. १ मीटर बाजूच्या चौरसाला दर चौरस मीटरामागे ४ मीटर कड येते, ५ मीटर बाजूच्या चौरसाला केवळ ०.८ मीटर. लहान तुकड्यांच्या सर्व फुल्या त्यामुळे उजवीकडे झुकतात. असा दोष एका आलेखात दिसत नाही. लहान व मोठ्या तुकड्यांचे दोन आलेख एकाखाली एक, एकाच मापाने काढले, तरच तो उघड होतो.

हजारो नोंदी असतील, तेव्हा हा आलेख अपुरा पडतो. तेथे संख्यांचे वर्ग पाडावे लागतात. पण दहा-वीस नोंदींसाठी ह्याहून प्रामाणिक साधन नाही. विद्यार्थ्यांनी वर्गातील पेन्सिलींची लांबी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत मोजून असा आलेख अवश्य काढावा. सरासरी नंतर काढावी, आणि ती जेथे येते तेथे एकतरी फुली आहे का, हे पाहावे.