नर्मदेचा पाला

गेल्या पावसाळ्यात तीस वर्षांनी भरूचला उतरलो आणि स्टेशनवरून थेट मासळीबाजार गाठला. कोळणीने बर्फातून एक रुपेरी मासा काढला आणि मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "दरियानो छे, साहेब. नदीनो नथी." माझ्या वेळी दर्याचा असेल तर लपवायचे.

हा बंगाल्यांचा हिलसा. आपल्याकडे पाला किंवा भिंग, भरूचकडे चाकसी, पालवा, मोदार. समुद्रात वाढायचं आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदी चढायची, हा त्याचा नेम. 'आज पाला खाल्ला' असं पत्रात लिहिलं, तेव्हा पुण्याच्या मावशीने 'शेळी कशी आहे?' म्हणून विचारलं होतं.

भरूचवर लिहायचं तर १८८१च्या गोल्डन ब्रिजपासून सुरुवात करतात. करोत. १९७०चा महापूरही मी फक्त ऐकला. मला ठाऊक आहे ती १९८३ ते १९९३ ही दहा वर्षं, अंकलेश्वरच्या एका रासायनिक कारखान्यात नोकरी केली ती.

आपल्या कोकणात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघतात, नेमक्या त्याच दिवसांत भाडभूतच्या माच्छींची सुगी सुरू व्हायची. रविवारी स्कूटर काढायची, पूल ओलांडायचा आणि नदीच्या उत्तर काठाने भाडभूत गाठायचं. तिथे एका काकांच्या होडीत मला जागा होती, काही न करण्याच्या अटीवर. पुनवेच्या, अमावास्येच्या उधाणाबरोबर मासा आत शिरायचा. पाणी वळलं की काका जाळं प्रवाहाला आडवं सोडत, आणि मग होडी न् जाळं दोन्ही वाहत राहायची. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ पावसात नुसता अंदाजाने ओळखायचा. बोलायचं नाही, विडी ओढायची. बोयांची रांग थरथरली की ओढायला सुरुवात. आसांत कल्ल्यांपाशी अडकलेले पाले एकामागून एक वर यायचे, आणि होडीत पडेपर्यंत त्यांचा जीव गेलेला असायचा. इतका नाजूक मासा मी दुसरा पाहिला नाही. बहुतेक माल बर्फात घालून बंगालकडे जायचा. आमच्या वाट्याला एखादा, गाभोळीसकट. काटे काढताना जेवणाला तास लागायचा आणि कुणाची तक्रार नसायची.

जाळं सोडण्याआधी काका नदीत बोट बुडवून जिभेला लावत. एकदा मलाही लावायला सांगितलं. "मीठुं?" गुजरातीत मीठुं म्हणजे गोड, आणि मीठुं म्हणजे मीठसुद्धा. मी बावळटासारखा "नाही, गोड आहे," म्हणालो आणि होडीभर हसू पिकलं.

आता त्या शब्दाचा एकच अर्थ उरलाय. वर सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत चढलं, जून २०१७मध्ये दरवाजे बंद झाले, आणि खाली भरूचपाशी समुद्र आत सरकला. पाल्याला वाट दाखवतो तो पुराचा गोडा रेटा, आठवडेच्या आठवडे चालणारा. सप्टेंबर २०२३मध्ये धरण भरल्यावर पाणी सोडलं तसं एकदम नव्हे. त्याने भरूचच्या घरांत पाणी शिरलं, माशाला त्याचा काय उपयोग? आता भाडभूतलाच बॅरेज बांधताहेत, गोडं पाणी अडवायला आणि खारं बाहेर ठेवायला. माशासाठी वाट ठेवणार म्हणे. माच्छी विरोध करून दमले.

धरणाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि मी भरपूर घातल्यात. पण आमच्या कारखान्याचं पाणी आमलाखाडीत जायचं आणि आमलाखाडी नर्मदेच्या मुखाकडे. रात्रपाळीला पाऊस जोरात असला की 'आजच सोडून द्या' म्हणणाऱ्यांत मीही होतो. सकाळी त्याच हातांनी काकांकडून पाला घ्यायचो.

आणि आपले परिक्रमावासी! मराठीत नर्मदा परिक्रमेवर इतकी पुस्तकं आली, मी त्यातली आठ-दहा वाचली. आश्रम, अनुभव, खिचडी, अश्वत्थामा. मुखापाशी होडीतून दक्षिणेकडून उत्तर तटाला जातानाचं समुद्राचं वर्णन हटकून असतं. होडी वल्हवणाऱ्या माणसाच्या चुलीवर यंदा काय शिजलं, हे मला त्यांत एकदाही सापडलं नाही. नदीला मैया म्हणायचं आणि तिच्या पोटात काय आहे ते बघायचं नाही.

काका गेले. मुलगा भेटला, तो एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. जाळी कुठे, विचारलं तर घरामागे घेऊन गेला. नीलगायी येऊ नयेत म्हणून तुरीच्या शेताला चहूबाजूंनी बांधली होती. जाळं तेच, आस तेच, दोन-तीन बोयाही तशाच लोंबत होत्या. त्याने हाताने थोडं झटकलं. अडकलेला पाला खाली पडला. तुरीचा.