संमतीची मर्यादा

एखाद्या स्त्रीने विश्वासाने आपले खासगी छायाचित्र काढू दिले आणि पुढे संबंध दुरावल्यावर त्याच माणसाने ते आपल्या मित्रांच्या मोबाइलवर रवाना केले, तर ‘फोटो तिच्याच राजीखुशीने काढला होता’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही. कारण १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ चित्रणाची संमती आणि प्रसारणाची संमती या दोन पृथक् गोष्टी मानते. हे तत्त्व जुन्या दंडसंहितेत २०१३ सालीच दाखल झाले होते. पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे, पुनरावृत्तीस तीन ते सात वर्षे कारावास आहे. पीडित पुरुष असल्यास मात्र हे कलम लागू होत नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. त्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई चा आश्रय घ्यावा लागतो.

गुन्हा शाबीत करावयाचा, तर पुरावा अविकृत हवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करतात. एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया कितीही मोठ्या फाइलपासून चौसष्ट चिन्हांची एक ओळ सिद्ध करते, आणि चित्रातील एका बिंदूचा रंग किंचित पालटला तरी ती ओळ समूळ निराळी होते. गॅलरीतला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविताना सामान्यतः आकुंचित होतो, सबब त्याचे मूल्य मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून फिर्यादीने लज्जेपोटी काहीही न पुसता, ज्यावर तो मजकूर आला तो मोबाइलच तपास अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून पंचनामा करवून घ्यावा.