बोटीवरच्या बॅटरीचा हिशेब

धरणाच्या मध्यावर बोट उभी आहे, सायंकाळचा वारा सुटला आहे आणि चावी फिरवल्यावर इंजिनातून केवळ ‘टक्’ असा आवाज येतो आहे. रस्त्यावर मोटारीची बॅटरी बसली तर चार जण हात लावतात आणि गाडी धक्का देऊन सुरू होते. पाण्यावर धक्का द्यायला कोणी नसते. वाऱ्याने बोट खडकाळ काठाकडे सरकू लागली की बॅटरीत नेमकी किती वीज शिल्लक होती, हा प्रश्न फार उशिरा आठवतो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही, मात्र पाणी भरपूर आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागे भंडारदऱ्याचे ऑर्थर सरोवर पसरले आहे. राहुरी तालुक्यात मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा तर शेवगाव आणि नेवासे तालुक्यांच्या आत शिरलेला आहे. या पाण्यावर मच्छीमारांच्या होड्या चालतात. त्यांतील बहुतेकांना वल्हे पुरते आणि बॅटरीचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो पर्यटकांना फिरवणाऱ्या मोटारबोटींचा, विजेवर चालणाऱ्या छोट्या नावांचा आणि पावसाळ्यात पूरग्रस्तांसाठी सज्ज ठेवाव्या लागणाऱ्या बचाव बोटींचा. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा कोपरगाव परिसराला बोटीचे महत्त्व पुन्हा एकदा कळले होते.

बॅटरी मॉनिटर हे उपकरण अशा बोटींसाठी आहे. त्याची निवड आणि बसवणी हा विषय तांत्रिक वाटला, तरी ज्यांच्या घरात इन्व्हर्टर आहे त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही. भारनियमनाच्या वर्षांत शहरातील घराघरांत इन्व्हर्टर आले आणि त्याबरोबर चार हिरवे दिवेही आले. चारही दिवे लागलेले असताना पंखा अर्ध्या तासात बंद पडल्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. ते दिवे खोटे बोलत नव्हते. त्यांना बॅटरीचा केवळ दाब, म्हणजे व्होल्टेज कळत होते. बोटीच्या पॅनेलवरील काट्याचे व्होल्टमीटरही तेच करते.

शिसे-आम्ल प्रकारच्या १२ व्होल्ट बॅटरीचे व्होल्टेज पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.७, अर्धी उरली असताना सुमारे १२.२ आणि रिकामी होत आली की १२ च्याही खाली असते. म्हणजे भरलेली आणि अर्धी यांत फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. तोही केव्हा खरा, तर बॅटरीला काही तास विश्रांती मिळाली असेल तेव्हा. नुकतीच चार्जिंगवरून काढलेली बॅटरी १३ च्या आसपास दाखवते आणि भार जोडला की तीच खाली घसरते. चालत्या बोटीवर विश्रांती कोठून आणणार? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत तर हा मार्ग जवळजवळ बंदच होतो. तिचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात १३.२ ते १३.३ च्या आसपास स्थिर राहते आणि शेवटी एकाएकी कोसळते.

यावर उपाय म्हणजे बॅटरीतून जाणारी आणि तिच्यात येणारी वीज मोजत राहणे. बँकेच्या पासबुकात जमा आणि खर्च लिहिला जातो, तसेच हे काम आहे. त्यासाठी बॅटरीच्या ऋण टोकाला ‘शंट’ नावाचा धातूचा जाड तुकडा जोडतात. त्याचा रोध अत्यंत अल्प, पण अचूक ठाऊक असलेला असतो. सर्रास वापरात असलेला शंट ५०० अँपियरला ५० मिलिव्होल्ट या प्रमाणाचा असतो. त्यातून १०० अँपियर गेले, तर त्याच्या दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. मॉनिटर हा सूक्ष्म फरक सतत वाचतो, त्यावरून प्रवाह काढतो, त्याला काळाने गुणतो आणि किती अँपियर-अवर गेले, किती उरले ते सांगतो.

येथे एक गुंतागुंत आहे. बॅटरीवर १५० अँपियर-अवर लिहिलेले असते, तेव्हा सामान्यतः त्याचा अर्थ वीस तासांच्या सावकाश वापराने, म्हणजे साडेसात अँपियरने, मिळणारी वीज असा असतो. भार वाढला की हाती येणारी वीज घटते. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला आणि आजही मॉनिटरमध्ये त्यांच्या नावाचा आकडा भरावा लागतो. द्रव आम्लाच्या बॅटरीसाठी तो सुमारे १.२५ धरला जातो. विजेवर चालणाऱ्या छोट्या नावेची मोटर पूर्ण वेगात ५० अँपियर घेत असेल, तर साध्या भागाकाराने १५० अँपियर-अवरची बॅटरी तीन तास पुरायला हवी. पॉइकर्टच्या सूत्राने ती दोन तासही पुरत नाही. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिती केली की तिचे आयुष्य घटते, म्हणून शहाण्या नाविकाच्या हाती जेमतेम एक तास उरतो. वेग कमी करून १५ अँपियरवर चालवले, तर तीच बॅटरी आठ तासांहून अधिक चालते. पॅनेलवर प्रवाहाचा आकडा डोळ्यांसमोर असला की हात आपोआप वेगावरून मागे येतो. माझ्या मते या उपकरणाचा खरा उपयोग तेथे आहे.

तथापि प्रत्येक बोटीला ते हवेच असे नाही. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून येथे सांगितले पाहिजे. ज्या मोटारबोटीत बॅटरीचे काम केवळ इंजिन सुरू करण्याचे आहे, तेथे विजेचा हिशेब फारसा उपयोगी नाही. स्टार्टरने २०० अँपियर तीन सेकंद घेतले, तरी खर्च अँपियर-अवरच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी होतो. तेथे प्रश्न साठ्याचा नसून जोराचा असतो. जुनी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही इंजिन फिरवू शकत नाही. अशा बोटीवर साधे डिजिटल व्होल्टमीटर लावावे आणि चावी फिरवताना त्याकडे पाहावे. इंजिन फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ लागला, की बॅटरी बदलण्याची वेळ जवळ आली.

बचाव बोटीची गोष्ट आणखी वेगळी. ती वर्षातील बहुतेक महिने शेडमध्ये उभी असते आणि जिल्ह्यातील एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी आतल्या आत झिजत असते. द्रव आम्लाच्या बॅटरीतील वीज वापराविनाही महिन्याला काही टक्के कमी होते. तापमान दहा अंशांनी वाढले, की ही गळती साधारण दुप्पट होते. ही गळती शंटमधून जात नाही. त्यामुळे सहा महिने पडून राहिलेल्या बोटीवरील महागडा मॉनिटर ९८ टक्के दाखवील आणि प्रत्यक्षात बॅटरी इंजिनाला हलवूही शकणार नाही. येथे हिशेबाच्या यंत्रावर विसंबणे व्होल्टमीटरवर विसंबण्यापेक्षाही धोक्याचे आहे. अशा बोटीसाठी महिन्यातून एकदा पूर्ण चार्जिंग, हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता तपासणे आणि जूनपूर्वी इंजिन प्रत्यक्ष सुरू करून पाहणे, हाच उपाय आहे. छोट्या इंजिनांना दोरी ओढून सुरू करण्याची सोय असते. ती दोरी शाबूत आहे का, हेही पाहावे.

मॉनिटर खरा लागतो तो विजेवर चालणाऱ्या नावेला आणि दिवे, पंप, रेडिओ, शीतपेटी असा भार बॅटरीवर असलेल्या बोटीला. केरळमध्ये जानेवारी २०१७ पासून वैकोम ते तवणक्कडवू मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट धावू लागली. तिच्या छतावर २० किलोवॉटची सौर पॅनेल आणि पोटात ५० किलोवॉट-अवरच्या लिथियम बॅटऱ्या आहेत. अशा बोटीत बॅटरीचा हिशेब म्हणजेच इंधनाचा काटा असतो. आपल्या धरणांवर विजेच्या नावा वाढल्या, तर हेच तंत्र येथेही लागेल.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात शंट असतो; दुसऱ्यात तारेभोवती बसणारे चुंबकीय संवेदकाचे कडे असते. कड्यासाठी तार तोडावी लागत नाही, ही त्याची सोय. पण तापमानाबरोबर त्याचे शून्य सरकते. रोज थोडी चूक जमत गेली, की आठवड्याने हिशेब भलतीकडेच जातो. म्हणून बोटीसाठी शंटचाच प्रकार घ्यावा. नेदरलँड्समधील व्हिक्ट्रॉन कंपनीचे बीएमव्ही-७१२ हे उपकरण बोटींच्या जगात परिचित आहे. त्यात ब्लूटूथ असून दुसऱ्या, म्हणजे इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टेजही दिसते. त्याच कंपनीच्या स्मार्टशंटला पडदा नाही; आकडे मोबाइलवर पाहावे लागतात. ओल्या हाताने मोबाइल काढणे किती सोयीचे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ऑनलाइन मिळणारी स्वस्त मीटरेही शंटवर चालतात आणि प्रवाह बऱ्यापैकी मोजतात. मात्र पॉइकर्टचा आकडा किंवा चार्जिंगची कार्यक्षमता भरण्याची सोय त्यांच्यापैकी अनेकांत नसते.

आता बसवणी. या कामातील नव्वद टक्के चुका एकाच नियमाच्या उल्लंघनातून होतात. बॅटरीच्या ऋण टोकाला शंटशिवाय दुसरी एकही तार राहता कामा नये. शंटची एक बाजू बॅटरीची, दुसरी बाजू बाकी साऱ्यांची: दिवे, मोटर, चार्जर, सौर कंट्रोलर. जुन्या बोटीत वर्षानुवर्षे कोणी ना कोणी आपापली तार थेट बॅटरीच्या पोलला अडकवून गेलेला असतो. बोटीच्या तळातील पाणी उपसणारा पंप हा त्यातील ठरलेला अपवाद. मुख्य स्विच बंद असतानाही तो चालावा म्हणून त्याची धन तार थेट बॅटरीवरून घेतात, आणि ते योग्यही आहे. पण त्याची ऋण तार शंटच्या पलीकडच्या बाजूलाच न्यावी. अन्यथा रात्रभर पंप चालतो आणि मॉनिटरला त्याचा पत्ताही लागत नाही. सौर पॅनेलची ऋण तार चुकून बॅटरीच्या बाजूला लागली, तर उलटे होते. दिवसभर वीज जमा होते, पण पासबुकात नोंद नाही. भरलेली बॅटरी रिकामी दिसते.

काम सुरू करण्यापूर्वी हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. चार्जर आणि सौर पॅनेल बंद करून बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. ऋण आधी सुटली म्हणजे पाना चुकून इंजिनाच्या धातूला टेकला, तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून बॅटरीचा कप्पा आधी उघडा ठेवून वारा खेळू द्यावा. शंट कोरड्या जागी, बॅटरीच्या जवळ, पण तिच्या झाकणांच्या थेट वर नव्हे, असा बसवावा. बॅटरी ते शंट ही तार आखूड आणि मुख्य तारेइतकीच जाड असावी. लग दाबयंत्राने घट्ट बसवावेत. पक्कडीने चेपलेला लग बोटीच्या हादऱ्यांत सैल होतो, तापतो आणि शेवटी जळतो. मॉनिटरला वीज पुरवणारी बारीक धन तार बॅटरीवरून घेताना तिच्यातील फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच ठेवावा. फ्यूज पडद्याजवळ बसवला, तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यास तिला वाचवायला कोणी उरत नाही.

तारा जोडल्या म्हणजे काम झाले, अशी समजूत असते. उपकरण लगेच आकडा दाखवू लागते, पण तो कारखान्यातल्या बॅटरीचा असतो. उदाहरणार्थ, व्हिक्ट्रॉनच्या मॉनिटरमध्ये क्षमता २०० अँपियर-अवर अशी भरूनच येते. आपली बॅटरी १५० ची असेल आणि आकडा बदलला नाही, तर अर्धी रिकामी झालेली बॅटरी साठ टक्क्यांहून अधिक भरलेली दिसेल. म्हणून क्षमता, पॉइकर्टचा आकडा आणि चार्जिंगची कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी बॅटरीच्या माहितीपत्रकावरून भराव्यात. चौथी गोष्ट म्हणजे बॅटरी ‘पूर्ण’ केव्हा मानायची. व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर आणि चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दोन ते चार टक्क्यांवर उतरून काही मिनिटे टिकला, की मॉनिटर स्वतःला शंभर टक्क्यांवर आणतो. ही व्होल्टेजची पातळी चार्जरच्या शेवटच्या व्होल्टेजपेक्षा किंचित खाली ठेवावी. ती वर ठेवली तर शंभर टक्के कधीच येणार नाही, फार खाली ठेवली तर ढग सरकल्यावर सौर पॅनेलच्या घटलेल्या प्रवाहालाच तो पूर्ण चार्ज समजेल.

पहिल्या महिन्यात एक पडताळणी करावी. बॅटरी पूर्ण भरून ठराविक भार लावावा, मॉनिटर पन्नास टक्के दाखवू लागला की भार काढून बॅटरी काही तास तशीच ठेवावी आणि मग व्होल्टेज मोजावे. ते १२.२ च्या आसपास आले, तर हिशेब जुळला. १२ च्या खाली आले, तर एकतर एखादी तार शंटला वगळून जाते आहे किंवा बॅटरीची क्षमता तिच्यावर छापलेल्या आकड्याइतकी उरलेली नाही. शोध तारांपासून सुरू करावा. तो फुकट पडतो. तारा ठीक निघाल्या तर उपकरणातील क्षमतेचा आकडा खाली आणावा. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या १५० च्या बॅटरीला ११० म्हणायला मालकाचे मन सहसा धजत नाही. ही पडताळणी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, बोट पाण्यात उतरवण्याआधी करावी.