प्लॅसेंटा : वार आणि बीजकाधानी

वाटाण्याची शेंग उकलली असता तिच्यातील दाणे सुटे पडलेले नसून शेंगेच्या एकाच कडेला ओळीने चिकटलेले आढळतात. प्रत्येक दाण्यास एक आखूड, नाजूक देठ असतो. ऊतकाच्या ज्या पट्ट्यावर हे देठ उगवतात, त्यास वनस्पतिशास्त्रात 'प्लॅसेंटा' म्हणतात. मराठीत त्यास बीजकाधानी, म्हणजे बीजके धारण करणारी, असे नाव आहे. गर्भाशयात गर्भाचे पोषण करणारी जी वार, तिलाही इंग्रजीत 'प्लॅसेंटा' असेच म्हणतात. मराठीत शब्द दोन व इंग्रजीत एक, अशी ही स्थिती असल्यामुळे दोन्ही अवयव एकाच जातीचे असावेत असा समज होणे शक्य आहे. तो समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी प्रथम शब्दाचा इतिहास पाहिला पाहिजे.

ग्रीक भाषेत 'प्लाक्स' म्हणजे सपाट फळी किंवा पृष्ठ. त्यावरून सपाट गोड पोळीस 'प्लाकूस' हा शब्द आला व लॅटिन भाषेत त्याचे 'प्लासेंता' झाले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकाने शेतीविषयक ग्रंथात अशी पोळी करण्याची कृती दिली आहे. तीत पिठाच्या पातळ थरांमध्ये चीज व मध घालावयाचे असते. रुमानियात आजही 'प्लाचिंता' हा एक खाद्यपदार्थच आहे. इटालियन शारीरविद रेआल्दो कोलोम्बो यांच्या १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वारेस या वाटोळ्या पोळीची उपमा दिलेली आढळते, आणि पुढे उपमेचेच नाव झाले. जर्मन भाषेत वारेस 'मुटरकुखेन', म्हणजे 'मातेची पोळी', असे म्हणतात. याच ग्रीक धातूपासून मुशी माशाच्या फळीसारख्या 'प्लॅकॉइड' खवल्यांचे नाव आले. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात उमटणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे 'ल्यूकोप्लाकिया' हे नावही त्यातूनच आले. सर्वत्र मूळ अर्थ एकच : सपाट पृष्ठ.

पूर्ण वाढलेल्या वारेस ही उपमा शोभते. तिचा व्यास सुमारे २० सेंटीमीटर, मध्यभागी जाडी २ ते ३ सेंटीमीटर व वजन सुमारे ५०० ग्रॅम असते. मातेचे व गर्भाचे रक्त तिच्यात एकमेकांत मिसळत नाही. पातळ पडद्यातून प्राणवायू व पोषकद्रव्ये गर्भाकडे जातात आणि टाकाऊ द्रव्ये मातेकडे येतात. शिवाय गर्भधारणा टिकविणारे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरकही ती निर्माण करते. प्रसूतीनंतर वार पडली म्हणजे ती अखंड आहे की नाही हे सुईण व डॉक्टर काळजीपूर्वक पाहतात. कारण तिचा तुकडा आत राहिल्यास जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला तो आकारावरून नव्हे, तर कार्यातील साम्यावरून. बीजकाचा देठ नाळेसारखा आणि तो जिला जोडलेला असतो ती वारेसारखी, अशी ही तुलना आहे. बीजकाधानीची मांडणी वनस्पतींची कुले ओळखण्यास उपयोगी पडते. पपईची बीजे फळाच्या आतल्या भिंतीवर असतात, तर टोमॅटोची मधल्या अक्षावर. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य बिया ज्यावर बसलेल्या असतात त्या फिकट, मऊ बीजकाधानीत तयार होते. बियांना ते केवळ लागते.

असे असले तरी दोहोंत मूलभूत भेद आहे. बीजकाधानी ही सर्वस्वी मातृवनस्पतीचे ऊतक असून ती फलनापूर्वीच किंजपुटात असते. वार मात्र गर्भधारणेनंतर बनते, आणि तिचा बराचसा भाग फलित अंड्याच्याच बाह्य पेशींपासून वाढतो. गर्भाशयाच्या अस्तराचा वाटा त्यामानाने अल्प असतो. म्हणून वारेत मातेप्रमाणेच पित्याचाही आनुवंशिक वारसा असतो. म्हणजे ज्यास 'मातेची पोळी' म्हटले, ती मुख्यतः बालकाचीच असते.

या भेदास व्यवहारातही महत्त्व आहे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मली. अशा अकाली प्रसूतीची कारणे शोधण्यासाठी दिल्लीनजीक फरीदाबाद येथील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने 'गर्भिणी' हा अभ्यास २०१५ साली हाती घेतला. त्यात शेजारच्या गुरुग्राम येथील शासकीय रुग्णालयात येणाऱ्या गर्भवती स्त्रियांची प्रसूतीपर्यंत वेळोवेळी तपासणी केली जाते. मातेच्या रक्ताबरोबर नाळेतील रक्त व वारेचे नमुनेही जतन केले जातात. मातेच्या रक्तावरून मातेची स्थिती कळते. वारेच्या ऊतकात मात्र मुख्यतः गर्भाच्या बाजूचा इतिहास साठलेला असतो. म्हणून दोन्ही नमुने हवेत.

बाजारात 'वनस्पतिज प्लॅसेंटा' असे नाव दिलेली केशतेले व प्रसाधनेही मिळतात. नाव तेच असले तरी बीजकाधानी ही वार नव्हे, आणि वारेची संप्रेरके निर्माण करण्याचे कार्य ती करीत नाही. परिभाषेतील शब्द दोन वस्तूंमधील एखादे साम्य दाखवितो. त्यापलीकडे त्या वस्तू कशा आहेत, हे वस्तू उकलूनच पाहावे लागते. वाटाण्याची शेंग आणि मिरची ही त्यासाठी प्रत्येक शाळेला सहज उपलब्ध होणारी साधने आहेत.